ताण दिलेल्या बागेला डॅशबोर्ड ‘पाणी द्या’ म्हणतो, तेव्हा कुठली सेटिंग बदलायची?

प्रश्न वरुड तालुक्यातल्या एका शेतकरी गटाचं काम पाहणाऱ्या तरुणाचा आहे. ऑगस्टमध्ये त्यांनी ११ संत्राबागांत ओलाव्याचे आणि तापमानाचे सेन्सर बसवले, एक पर्जन्यमापक बसवला. दर १५ मिनिटांनी रीडिंग येतं, इन्फ्लक्सडीबी या डेटाबेसमध्ये साठतं, ग्राफाना या आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डॅशबोर्डवर दिसतं. आता डिसेंबरात डॅशबोर्डवरचे अर्धे चौकोन, म्हणजे पॅनल, लाल आहेत. ग्राफ जागोजागी तुटतो. पावसाचा रोजचा आकडा महसूल मंडळाच्या आकड्याशी एकदाही जुळला नाही. रात्री अडीचला टेलिग्रामवर एकामागून एक ११ मेसेज पडतात, म्हणून सगळ्यांनी ग्रुप म्यूट करून टाकला आहे. त्याचा प्रश्न एवढाच : लाल रंगाची मर्यादा किती ठेवू?

भाऊ, मर्यादेला आत्ता हात लावू नका. तुमचे अर्धे पॅनल लाल आहेत ते बहुतेक आंबिया बहाराच्या (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या) बागांचे असणार, आणि तिथं फुलं यावीत म्हणून तुम्ही मुद्दाम पाणी तोडलंय, म्हणजेच ताण दिलाय. ग्राफाना बिचारा खरं तेच सांगतोय, फक्त त्याला बहार कळत नाही. ते त्याला कसं सांगायचं हे खाली लिहितो, पण आधी घड्याळ नीट करा. घड्याळ चुकलं असेल तर बाकी सगळ्या सेटिंग चुकीच्या आकड्यांवर बसतात.

इन्फ्लक्सडीबी प्रत्येक नोंद यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनं ठेवतं. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. ग्राफावर बोट ठेवलं की वेळ बरोबर दिसते, कारण ग्राफाना ती दाखवताना बदलून घेतं. त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो. पण ‘रोजची बेरीज’ मागितली की दिवस यूटीसीच्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. रात्री तीनला पडलेला पाऊस आदल्या दिवसात जाऊन बसतो. डॅशबोर्डच्या सेटिंगमध्ये टाइमझोन ‘ब्राउझर’ असेल तो बदलून आशिया/कोलकाता करा. मग कोणाचा मुलगा दुबईतून बाग पाहत असला तरी त्याला आणि तुम्हाला एकच वेळ दिसेल. ओलाव्याच्या आणि तापमानाच्या रोजच्या सरासरीला क्वेरीतही (डेटाबेसकडे आकडे मागणाऱ्या ओळीतही) टाइमझोन आशिया/कोलकाता द्यावा लागतो. डॅशबोर्डचा टाइमझोन क्वेरीतल्या दिवसाची सुरुवात बदलत नाही. इथं बरेच जण फसतात.

पावसाचं गणित याहून वेगळं आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जे पडलं ते आजच्या तारखेला लिहितात. साडेआठ म्हणजे यूटीसीचे बरोबर तीन. म्हणून पावसाच्या क्वेरीत टाइमझोन न लावता यूटीसीच ठेवा आणि एका दिवसाच्या गटाला तीन तासांचा ऑफसेट द्या, म्हणजे दिवसाची सुरुवात तीन तास पुढे सरकवा. त्यानंतरही एक फरक उरतो. इन्फ्लक्सक्यूएल भाषेतल्या क्वेरीत इन्फ्लक्स गटाला सुरुवातीची तारीख लावतं आणि खातं शेवटची, त्यामुळे २ तारखेचा सरकारी आकडा तुमच्याकडे १ तारखेखाली दिसेल. पॅनलच्या नावातच ‘सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी ८.३०’ असं लिहून टाका, वाद मिटतो. आकडा जुळवण्याचा हा खटाटोप शोभेसाठी नाही. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि नुकसानीचा विषय तिथून सुरू होतो. तुमच्या पर्जन्यमापकाच्या आकड्यावर कोणी भरपाई देणार नाही, तो मंडळातल्या केंद्राचाच लागतो. पण ६५ वर एक आडवी रेघ असलेला ग्राफ हातात असला की तलाठ्यासमोर नेमकं काय विचारायचं ते तरी कळतं.

आता तुटणारे ग्राफ. तुमचं रीडिंग १५ मिनिटांनी येतं, पण ग्राफाना पॅनलची रुंदी पाहून ठरवतं की किती बिंदू काढायचे. सहा तासांचा ग्राफ आणि हजारेक बिंदू, म्हणजे साधारण वीस-बावीस सेकंदांना एक खण. तुमचा डेटा त्यातल्या फार थोड्या खणांत असतो, बाकी सगळे रिकामे. म्हणून रेघेऐवजी ठिपके दिसतात आणि लोकांना वाटतं सेन्सर बिघडला. पॅनलच्या क्वेरी ऑप्शनमध्ये ‘मिन इंटरव्हल’ १५ मिनिटं करा. डेटासोर्सच्या सेटिंगमध्ये एकदाच केलं तरी चालतं, मग प्रत्येक पॅनलला हात लावायची गरज नाही. ऑटो रिफ्रेश कोणीतरी पाच सेकंदांवर ठेवला असणार, तो १५ मिनिटांवर न्या. पाच सेकंदांनी काही नवीन येणार नसतं, उगाच वावरात बसलेल्या माणसाचा डेटा पॅक जातो.

त्यानंतर ‘कनेक्ट नल व्हॅल्यूज’. याचे तीन पर्याय असतात : कधीच जोडू नको, नेहमी जोड, आणि ठरावीक वेळेपर्यंतची फट जोड. तिसरा घ्या आणि तासभर द्या. एखाददुसरं रीडिंग गळलं तर रेघ सलग राहील, पण गेटवे (सेन्सरची रीडिंग गोळा करून नेटवरून पाठवणारं यंत्र) अर्धा दिवस बंद होता तर तेवढं भगदाड दिसलंच पाहिजे.

भगदाड दिसू द्या, हे मी स्वतः तोंडघशी पडून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत ग्राफ सुबक दिसावा म्हणून मी क्वेरीत ‘रिकाम्या जागी मागचाच आकडा भर’ असं लावायचो. मोर्शीकडच्या एका बागेत मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली) फळं झाडावर होती. मालक लग्नकार्यात अडकलेला, मोबाइलवर रोज बघायचा, ओलावा ३४ टक्के, एकदम स्थिर. चौथ्या दिवशी सालदाराचा फोन आला : “भाऊ, तुमचं मशीन म्हणते ओल आहे, पण झाडं तं माना टाकून राह्यले.” गेटवेची वायर उंदरानं कुरतडली होती आणि माझा डॅशबोर्ड चार दिवस तोच ३४ चा आकडा वाचून दाखवत होता. फळगळ झाली. मालक मला फारसं बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं.

हीच चूक न सांगता करणारी एक जागा तुमच्याही डॅशबोर्डवर आहे. मोठा आकडा दाखवणारं ‘स्टॅट’ पॅनल आपण होऊन ‘शेवटचा उपलब्ध आकडा’ दाखवतं. वरती वेळ सात दिवसांची निवडलेली असेल आणि सेन्सर पाच दिवसांपूर्वी मेला असेल, तरी तो पाच दिवसांपूर्वीचा आकडा आजचा म्हणून हिरव्या रंगात झळकतो. म्हणून प्रत्येक बागेच्या आकड्याशेजारी ‘शेवटचं रीडिंग किती मिनिटांपूर्वी’ हा रकाना ठेवा आणि तासाच्या वर गेला की करडा होऊ द्या. मी नवीन डॅशबोर्ड करताना हा रकाना सगळ्यात आधी करतो, ओलावा नंतर.

एक आणखी तपासा. नेटवर्क गेल्यावर गेटवे रीडिंग साठवून ठेवतो आणि टॉवर आला की सगळी एकदम पाठवतो. त्या पाठवलेल्या माहितीत मोजणीची वेळ नसेल तर डेटाबेस पोचल्याची वेळ लावतो, आणि रात्रभराची ४० रीडिंग सकाळच्या एकाच मिनिटावर भिंतीसारखी उभी राहतात. वेळ यंत्रानंच टाकायला हवी. आणि यंत्रातल्या घड्याळाचा सेल उतरला असेल तर रीडिंग १९७० किंवा २००० सालात जाऊन पडतं. डेटा ‘गायब’ झाला असं वाटलं तर एकदा तारखेची पट्टी तिथपर्यंत मागे नेऊन पाहा.

आता तुमचा मूळ प्रश्न, मर्यादा.

सेन्सरच्या डब्यावरच्या कागदात ‘३० टक्क्यांच्या खाली पाणी द्या’ असं काहीतरी छापलेलं असतं. ते आपल्या काळ्या भारी जमिनीसाठी लिहिलेलं नाही. चिकण माती पाणी घट्ट धरून ठेवते. ओलावा पंचवीसच्या आसपास दिसत असतो आणि मुळांना त्यातलं फारसं काही ओढता येत नाही. तेच नदीकाठच्या पोयट्यात किंवा टेकाडाच्या मुरमाड जमिनीत २५ म्हणजे छान ओल असते. तुमच्या ११ बागा एकाच पोताच्या नसणार, त्यामुळे सगळ्यांना एकच मर्यादा लावणं म्हणजे सगळ्यांना एकाच मापाची चप्पल.

दर बागेचे दोन आकडे काढा. वरचा आकडा वाफशाचा : दमदार पावसानंतर किंवा भरपूर ओलित केल्यावर पाणी निचरून जमीन वाफशावर येते, भारी जमिनीत त्याला तीन-चार दिवस लागतात, तेव्हाचं रीडिंग. ऑगस्ट-सप्टेंबरचा डेटा तुमच्याकडे आहे, त्यात पावसानंतर रेघ झरझर उतरून जिथं सपाट होते तो हा आकडा. खालच्या आकड्यासाठी डॅशबोर्ड बंद करून बागेत जावं लागतं. दुपारी पानं मलूल होतात आणि संध्याकाळी पुन्हा तरतरी येते, तो दिवस लिहून ठेवा आणि त्या दिवसाचं रीडिंग घ्या. आंबियाच्या बागांत सध्या तुम्ही ताण देतच आहात, तर हा आकडा याच महिन्यात फुकट मिळेल. मग कच्चा आकडा दाखवायचं बंद करा. खालचा म्हणजे शून्य, वरचा म्हणजे शंभर, असं प्रत्येक बागेचं माप करून घ्या, क्वेरीत साधी वजाबाकी-भागाकार आहे. आता मुरमाड बागेतले ५० आणि काळ्या बागेतले ५० यांचा अर्थ एकच. ज्या बागेवर फळ आहे तिथं ५० च्या खाली पिवळा आणि ३० च्या खाली लाल, इथून सुरुवात करा. मग एक हंगाम पाहून हलवा.

काळ्या जमिनीचा अजून एक खोडसाळपणा. तिला भेगा पडतात. भेग सेन्सरच्या पात्याजवळून गेली की पातं हवेत उघडं पडतं आणि रीडिंग एका रात्रीत तिशीवरून पाच-सातवर येतं. ते रीडिंग हवेचं आहे. ३० सेंटिमीटर खोलीवर आपली काळी माती इतकी कोरडी होत नाही. १० च्या खालच्या कच्च्या आकड्याला व्हॅल्यू मॅपिंगमध्ये ‘सेन्सर तपासा’ असं नाव आणि करडा रंग द्या, लाल नको. तापमानालाही अशी चौकट हवी. नागपुरात २०२४ च्या मे महिन्यात एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवलं, देशभर बातमी झाली, आणि नंतर हवामान खात्यानं सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं. आपल्याकडे उन्हाळ्यात ४६ अंश खरंच होतात, त्यामुळे मर्यादा चाळीशीत ठेवून चालत नाही. शून्याच्या खाली किंवा ५० च्या वर गेलं की आधी यंत्राकडे बोट जावं एवढं पुरे.

आणि आता बहार. डिसेंबरात आंबियाच्या बागेचं पाणी तोडलेलं असतं, आणि धुऱ्यापलीकडच्या मृगाच्या बागेवर फळ पोसत असतं, तिला पाणी हवंच. एकाच तारखेला शेजारच्या दोन बागांसाठी ‘ओलावा कमी’ याचे दोन उलटे अर्थ. एप्रिल-मेमध्ये हीच पाळी फिरते, तेव्हा मृगवाल्यांचा ताण चालू. म्हणून प्रत्येक बागेला ‘बहार’ नावाचं लेबल लावा, किंमत आंबिया किंवा मृग. अलर्टचे नियम या लेबलवर वेगळे करा. आंबियाच्या ‘ओलावा कमी’ नियमाला म्यूट टायमिंग द्या. सायलेन्स आणि म्यूट टायमिंग यांत गोंधळ होतो : सायलेन्स एकदाच लागतो आणि ठरल्या तारखेला संपतो, म्यूट टायमिंग दर वर्षी त्याच महिन्यांत आपोआप लागतं. आपल्याला दुसरं हवं. त्यात नियम तपासला जातच राहतो, फक्त मेसेज जात नाही. ताण नेमका कधी सुरू आणि कधी बंद ते मात्र ज्याच्या त्याच्या बागेवर आहे. हलक्या जमिनीत लवकर बसतो, भारीत दिवस जास्त लागतात. तेव्हा दर वर्षी एकदा सगळ्यांना विचारून तारखा बदलायच्या.

ताणाच्या काळात मी एक उलटा नियम लावतो, तो तुम्ही नक्की लावा : ताण चालू असलेल्या बागेत ओलावा वाढला तर मेसेज. ठिबकचा व्हॉल्व्ह गळतोय, शेजारच्या गव्हाला दिलेलं पाणी झिरपून आलंय, कोणी चुकून कॉक फिरवलाय, काहीही असू शकतं. ताण मध्येच मोडला तर फुलांऐवजी पालवी येते आणि बहार हातचा जातो. ओलावा कमी झाल्याचे शंभर मेसेज एकीकडे आणि हा एक मेसेज एकीकडे. ताण तोडताना आंबवणीचं, म्हणजे पहिलं हलकं पाणी द्याल, मग चिंबवणीचं, म्हणजे दुसरं, तेव्हा हा नियम बंद करायला विसरू नका.

रात्री अडीचचे ११ मेसेज ओलाव्याचे नाहीतच. त्यांचं नाव पाहा, ‘डेटासोर्सनोडेटा’ असेल. गावची लाईन गेली की टॉवरची बॅटरीही थोड्या वेळात बसते, गेटवे तुटतो, आणि ग्राफाना प्रत्येक नियमाला ‘डेटा नाही’ म्हणून वेगळी हाक मारतो. नियमाच्या सेटिंगमध्ये डेटा नसल्यास काय करायचं हे विचारलेलं असतं. तिथं नव्या आवृत्तीत ‘कीप लास्ट स्टेट’ मिळतं, ते निवडा. आणि गेटवे चार तास गप्प असेल तर एकच मेसेज देणारा वेगळा नियम करा. मेसेजचे गट गेटवेनुसार बांधा, म्हणजे ११ चा एक होईल. परत-परत आठवण देण्याची वेळ मुळात चार तास असते, ती २४ तास करा. ‘पेंडिंग पीरियड’ एक तास द्या. माती एका मिनिटात सुकत नाही.

उलट मोटार कोरडी चालणं एका मिनिटात घडतं, पण त्यासाठी डॅशबोर्डवर विसंबू नका. ते काम स्टार्टरमधल्या रिलेचं.

रात्रीचे मेसेज सरसकट बंद करावेत का? इथं मी शहरातल्या लोकांसारखं ‘रात्री दहा ते पाच शांतता’ सांगणार नाही. शेतीची थ्री फेज लाईन पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात मेसेज संध्याकाळी सहाला हवा, म्हणजे जेवण करून माणूस बॅटरी घेऊन वावरात जाईल. रात्री अडीचला आला तर झोपमोड, सकाळी आठला आला तर लाईन गेलेली. दोन पाळ्यांची दोन म्यूट टायमिंग करा आणि पाळी बदलली की अदलाबदल करा, दोन मिनिटांचं काम आहे. मात्र तिथं ‘लोकेशन’ आशिया/कोलकाता निवडा. नाही निवडलं तर ते यूटीसी धरतं आणि तुमची रात्री दहा ते पाचची शांतता पहाटे साडेतीन ते सकाळी साडेदहा अशी लागते. मध्यरात्र ओलांडणारी वेळ एका ओळीत बसत नाही, तिचे दोन तुकडे करावे लागतात : दहा ते बारा आणि बारा ते पाच.

बाकीचं भराभर. पॅनलवर ‘नोड ०७’ लिहू नका, ‘विहिरीजवळची, मृग’ असं लोक बोलतात तसं लिहा. पहिल्या स्क्रीनवर ११ ओळींचा एकच तक्ता ठेवा, ग्राफ त्याखाली. बॅटरीचा व्होल्टेज रकाना हवा. लिथियम सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट असतो, ३.५ ला मेसेज लावा. कास्तकारांना फक्त पाहण्याचा अधिकार, बदलण्याचा तुम्हाला आणि अजून एकाला. आणि ॲडमिनचा पासवर्ड अजून ‘ॲडमिन’च असेल तर हे वाचणं थांबवून आधी तो बदला. जुना डेटा पुसू नका. ११ सेन्सरची दिवसाची १,०५६ रीडिंग होतात, वर्षाची चार लाखांच्या आत, जुना लॅपटॉपही ते पेलतो, आणि पुढच्या डिसेंबरात या डिसेंबरचा ताण शेजारी ठेवून बघता येतो.

ऑफसेट लावल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरचा पाऊस मंडळाच्या आकड्यांशी पुन्हा ताडून पाहा. दोन गावांत फरक राहणारच, सरी तशाच पडतात. पण तुमचा आकडा प्रत्येक वेळी साधारण पाचव्या हिश्शानं कमी येत असेल, तर पर्जन्यमापकातली छोटी वाटी एकदा कलंडली की किती मिलिमीटर धरायचं तो आकडा चुकलाय. काही यंत्रांत तो ०.२ असतो, काहींत ०.२५, यंत्राच्या तळाशी छापलेला सापडेल. आणि आकडा पावसागणिक घटतच गेला असेल तर वरचं नरसाळं काढून आत बघा. कुंभारीण माशीला ती जागा फार आवडते.